पाडव्यापासून बिडी बंद

डॉक्टरने आगपेटीतली एक काडी ओढली, माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली आणि म्हणाला, "ओठ न आवळता विझवा."

मी तोंड उघडं ठेवून जोरात हवा सोडली. ज्योत थोडी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. मी आणखी एकदा जोर लावला, तर मलाच ठसका लागला. काडी डॉक्टरच्या बोटाशी जळत आली तेव्हा त्यानेच ती झटकून टाकली.

"वय काय तुमचं?"

"एकोणतीस."

"बिड्या?"

"रोज एक कट्टा," मी म्हणालो. तो बघतच राहिला, म्हणून खरं सांगितलं. "कधी दीडही होतो."

त्याने खोकल्याची बाटली भरून दिली आणि बूच लावता लावता म्हणाला, "हे औषध बिडीपुढे टिकणार नाही. तुमची छाती पन्नास वर्षांच्या माणसाची झाली आहे. बिडी सोडा. चाला, पोहा, काहीही करा, पण छातीला काम द्या."

हे कुरखेड्याच्या बाजाराच्या दिवशी घडलं. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत, आणि आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो. कुरखेड्यापासून पाच मैलांवर, जंगलातल्या एका गावी मी जनपद सभेच्या शाळेत मास्तर होतो. एक खोली, चार वर्ग आणि मी एकटा. मूळचा मी वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला. तिथे सरकी काढायच्या जिनात कामाला असलेल्या माझ्या मामेभावाने पंधराव्या वर्षी मला बिडी शिकवली, आणि नोकरी लागली ती अशा मुलखात, जिथे बिडीचं पान रानोरान उगवतं.

त्या पाच मैलांत मी तीन बिड्या ओढल्या. पहिली दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच, घाबरून. दुसरी नदी उतरल्यावर, विचार करायला. तिसरी गावाच्या शिवेवर, ही शेवटची असं ठरवून. घरी पोचलो, पाय धुतले आणि चौथी पेटवली.

बायको सुपात तांदूळ पाखडत बसली होती, आमची लहान मुलगी तिच्याजवळ झोपली होती. मी तिला काडीची गोष्ट सांगितली. तिने ती सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग?"

"मंग काय, सोडतो."

"कधी?"

"पाडव्यापासून. नवीन वर्ष सुरू होते, बरं असते."

"पाडव्याले अजून अठरा दिवस आहेत," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हाती घेतलं. "बाटली तोवर सरून जाईन."

ते खरंच होतं. बाटली दहा दिवसांत संपली आणि खोकला होता तसाच राहिला.

शाळेच्या मागे तलावाची पाळ होती आणि पाळीच्या पायथ्याशी मासेमार ढिवरांची आठ-दहा घरं. त्यांतल्या पहिल्याच घरात माझा शेजारी राही. पन्नाशी ओलांडलेला, काटक, रुंद छातीचा माणूस. सारं गाव त्याला भाऊ म्हणे, मीही तसंच म्हणत असे. तरुणपणी बुडी मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तलाव जुना, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पूर्वजांनी बांधलेला. पाणी भरलं तेव्हा आत उभी झाडं बुडाली होती आणि त्यांची खोडं अजून तळाशी होती. जाळं त्यांत अडकलं की भाऊ खाली जाऊन सोडवून आणायचा. पण गेली पाच-सहा वर्षं त्याने बुडी मारली नव्हती. त्याला माझ्यासारखाच खोकला होता. पाण्याखाली ठसका लागला की माणूस संपला, हे त्याला माहीत होतं. आता त्याचा साळा खाली जाई आणि भाऊ डोंग्यात बसून दोर धरी.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला.

"मास्तर, आगपेटी हाय का?"

मी दिली. म्हटलं, "उद्यापासून माझ्याकडे मागू नका भाऊ. मी बिडी सोडून राह्यलो."

त्याने पेटवलेली काडी तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डॉक्टरची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्याने काडी विझवली. बिडी तशीच कोरी राहिली.

"मी तीनदा सोडली," तो म्हणाला. "दर बारीले आठव्या दिवशी घरच्यायनंच मनलं, वढा बाप्पा, पन आमच्यावर नोका खेकसू. एकट्याले जमत नाई मास्तर. तुमी सोडसान तं मी बी सोडतो. आपन दोघंही एकमेकांवर खेकसू."

"डॉक्टरनं छातीले काम द्या म्हटलं."

"मंग पोहाले या. रोज दिवस निघाच्या टाइमाले."

"मले पोहता येत नाई."

भाऊला याचं खरोखर आश्चर्य वाटलं. "येवढे शिकलेले तुमी," तो म्हणाला, "अन् पोहता येत नाई?" आमच्याकडे काळी जमीन आणि विहिरी, तलाव नाहीत, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

पाडव्याच्या सकाळी गूळ आणि कडुनिंबाचा पाला तोंडात घालून मी पाळीवर गेलो. खिशात दोन कट्टे होते. ते तलावात भिरकावून द्यावे असा माझा विचार होता, पण भाऊने हात धरला. "मासे काऊन खराब करता?" तो म्हणाला. मग आम्ही दोघांनी आपापले कट्टे त्याच्या उकिरड्यात पुरले. भाऊने त्यावर शेणाची पाटी उपडी केली आणि पायाने दाबलं.

त्याने माझ्या कमरेला दोन वाळलेले भोपळे बांधले आणि मला पाण्यात ढकललं. माझ्याच शाळेतली पोरं पाळीवर ओळीने बसून बघत होती. मी हातपाय झाडले, पाणी प्यायलो, भोपळ्यांनी मला वर ठेवलं. किनाऱ्यावर येऊन दहा मिनिटं खोकत बसलो. भाऊही चार हात मारून आला आणि माझ्याशेजारी बसून खोकायला लागला. आमचं नवं वर्ष असं सुरू झालं.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. हात रिकामे वाटत. जेवण झालं की आता काय करायचं ते कळत नसे. सकाळी पोट साफ होईना. वर्गात बेरजा शिकवताना मी एकदा विचारात खडू ओठांत धरला आणि दुसऱ्या हाताने खिशात आगपेटी शोधू लागलो. चारही वर्ग हसले. मग मीही हसलो, पण त्याच दुपारी एका साध्या चुकीवरून मी असा ओरडलो की पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. घरी येऊन मी बायकोला ते सांगितलं आणि म्हणालो की हे काही माझ्याच्यानं होत नाही.

तिने मडक्यातून मूठभर भाजलेली मोहाची फुलं काढली, तिळासोबत कुटली आणि लहान लहान गोळ्या वळून माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. "तलफ आली का एक तोंडात टाकत जा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी बी सोडून राह्यली."

"काय?"

"दाताले तंबाखू. तुमाले काय वाटलं, राखुंडी लावतो मी रोज? त्यात तंबाखू जाळून टाकतो. माहेराहूनच सवय हाय. दिवसातून चार बार."

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मला हे माहीत नव्हतं. ती चुलीकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "तिसरा दिवस हाय आज. डोकं दुखते. कोनाले सांगू नोका."

भाऊच्या घरी तर रोज भांडण. तो बायकोवर खेकसे, साळ्यावर खेकसे, डोंग्याच्या वल्ह्यावरही खेकसे. ठरल्याप्रमाणे माझ्यावरही खेकसला. मी पाण्यात पाय नीट मारत नाही म्हणून तो एका सकाळी मला इतकं बोलला की मी कमरेचे भोपळे सोडून चालू लागलो. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं. पण दिवस उगवायच्या सुमारास तोच दारात उभा होता, हातात भोपळे घेऊन.

"काल तो मी नव्हतो," तो म्हणाला. "बिडी बोलून राह्यली होती. चला."

वैशाखात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानाचा हंगाम, आला. ज्यांनी तो हंगाम पाहिला नाही त्यांना सांगितलं पाहिजे की त्या दिवसांत आमच्याकडे बिडी सोडणं म्हणजे काय होतं. सगळं गाव पहाटे रानात जाई. पानं तोडून आणायची, घरोघरी सावलीत बसून पुडे बांधायचे, फडावर नेऊन ओळीने वाळत घालायचे. मैदानभर पुडे पसरलेले आणि त्यांचा वास हवेत. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही बायकोसोबत पानं तोडायला गेलो. फडावर हिशेब ठेवणारा मुनशी दर आठवड्याला प्रत्येक माणसाला फुकट बिड्या वाटे. मी हात मागे घेतला. भाऊने घेतली. एकच घेतली आणि कानावर खोचली.

मला संताप आला. घरी येताना मी त्याच्याशी बोललोच नाही.

"काऊन रागावले?" त्याने विचारलं. "कानावर हाय ते. तोंडात नाई."

"मग ठेवली कशाले?"

"पाहून राह्यलो, ते मोठी का मी मोठा."

तीन दिवस ती बिडी त्याच्या कानावर होती. तो जेवे, झोपे, जाळं विणे, बिडी कानावर. मला रोज वाटे की आज ही पेटणार. चौथ्या दिवशी सकाळी मी पोहायला गेलो तेव्हा तो आधीच पाण्यात होता. मला पाहून त्याने आनंदाने काठच्या पाण्यात डोकं घातलं आणि दोन हात पलीकडे वर आला. त्याच्या मागे पाण्यावर बिडीचं उलगडलेलं पान तरंगत होतं आणि तंबाखूची भुकटी पसरत चालली होती. त्याने कानाला हात लावून पाहिला.

"गेली," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघं पाण्यात उभे राहून इतके हसलो की माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. हसताना आम्हा दोघांनाही खोकला आला नाही. ते लक्षात आलं तेव्हा भाऊने छातीवर हात ठेवून पाहिला. "मास्तर," तो म्हणाला, "आपल्याले ठसका नाई लागला."

त्या आठवड्यात त्याने माझ्या कमरेचे भोपळे सोडले.

पावसाळ्यात तलाव भरला, पोहणं पाळीच्या कडेकडेने होऊ लागलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी बांधावरून शाळेच्या पोरांच्या घरी जायचो तेव्हा पूर्वीसारखा मध्ये थांबत नव्हतो. सारं नीट चाललं होतं आणि मी स्वतःवर खूश होतो. तशातच भाद्रपदात डिप्टी साहेब शाळा तपासायला आले.

डिप्टी साहेब म्हणजे शाळांचे तपासनीस. चिखलातून बैलगाडीने आले होते. मी चार दिवस शाळा सारवून, नकाशे टांगून, पोरांकडून पाढे घोकून घेऊन वाट बघत होतो. त्यांनी दिवसभर तपासणी केली आणि ते खूश झाले. संध्याकाळी खुर्ची टाकून बसले, पत्र्याच्या डब्यातून एक सिगारेट काढली आणि डबा माझ्यापुढे केला.

"घ्या मास्तर."

मी घेतली. त्यांनीच काडी पेटवून दिली. मी त्यांच्यासमोर उभा राहून ती पूर्ण ओढली, आणि त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर शाळेच्या मागे जाऊन गावातल्या एका म्हाताऱ्याकडून दोन बिड्या मागून घेतल्या आणि त्याही ओढल्या. डोकं गरगरलं. पाच महिन्यांत मी गरिबाची बिडी शंभरदा नाकारली होती. साहेबांच्या सिगारेटला मात्र माझ्या तोंडून नाही निघालं नाही. ओढल्यापेक्षा मला त्याचीच जास्त लाज वाटत होती.

सकाळी मी पाळीवर गेलो, पण पाण्यात उतरलो नाही. भाऊला सांगितलं.

तो जाळ्यातलं शेवाळ काढत होता. काढतच राहिला. मग म्हणाला, "मी बी वढली. आखाडीच्या सनाच्या आदल्या दिवशी, भाच्याच्या घरी. दोन झुरके. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली."

"मग आता पहिल्यापासून?"

"काऊन? पाच महिने नाई वढली ते कोनी चोरून नेले का?" त्याने जाळं खाली ठेवलं. "उतरा पान्यात. आज त्या मोठ्या दगडापर्यंत जाऊ."

तो दगड मी पूर्वी कधी गाठला नव्हता. त्या दिवशी गाठला. परत आल्यावर भाऊ म्हणाला की घरी बाईला सांगून टाका. मी गेलो आणि सांगितलं. बायको भाकरी थापत होती. "मले कालच समजलं," ती म्हणाली. "सदऱ्याले वास होता. तुमी सांगता का नाई, ते पाहून राह्यली होती."

"आणि तुझं?"

"माझं काय? माझं चालू हाय."

शरदात तलावात शिंगाडे आले. ढिवरांच्या बायका डोंग्यातून ते तोडत आणि उकडून टोपल्या भरत. भाऊची बायको रोज एक ओंजळ आमच्याकडे पाठवी. खिशातल्या मोहाच्या गोळ्यांच्या जागी आता सोललेले शिंगाडे आले. थंडी पडली तरी आमचं पोहणं थांबलं नाही. सकाळी पाण्यावर वाफ असे, पाय टाकला की अंगभर शिरशिरी जाई, आणि दहा हात मारले की आतून ऊब येई. मी अर्धा तलाव जाऊन परत येऊ लागलो होतो. सदरे छातीवर तंग झाले. बायकोने एकाची शिवण उसवून त्यात पट्टी लावली.

पौषात संक्रांतीच्या बाजारासाठी सगळ्या ढिवर मोहल्ल्याने मिळून मोठं जाळं टाकलं. ते जाळं पावसाळाभर घरोघरच्या बायकांनी विणलं होतं. मी दुसऱ्या डोंग्यात नुसता बघायला बसलो होतो. जाळं अर्धं ओढून झालं आणि अडकलं. माणसांनी इकडून ओढलं, तिकडून ओढलं. जाळं हलेना. आत मासे होते, दोर थरथरत होते. जागा तलावाच्या सगळ्यात खोल भागातली, खाली बुडालेल्या झाडाचं खोड. भाऊचा साळा हिवतापाने घरी पडला होता.

"कापा," कोणीतरी म्हणालं.

पाळीवर बायका उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "कापाले का झाडावर वाढते का जाळं?"

भाऊने अंगरखा काढला. त्याच्या बायकोने पाळीवरून हाक मारली, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. कमरेला दोर बांधला आणि दोराचं टोक माझ्या डोंग्यात फेकलं.

"मास्तर, तुमी धरा. एक झटका देल्ला तं सोडा, दोन देल्ले तं वर वढा."

"भाऊ, सहा वर्षं झाली," मी म्हणालो.

"मले माईत हाय," तो म्हणाला आणि खाली गेला.

पहिल्या वेळी तो लवकर वर आला. डोंग्याची कड धरून श्वास घेतला आणि म्हणाला, "सापडलं खोड. दोन जागी गुतलं हाय." दुसऱ्या वेळी जास्त वेळ गेला. वर आला तेव्हा ओठ निळे झाले होते, पण हाताने त्याने खूण केली की एक जागा सुटली. मी म्हणालो, आता पुरे. त्याने मान हलवली, दोन-तीन लांब श्वास घेतले आणि पुन्हा गेला.

तिसऱ्या वेळी दोर माझ्या हातातून सरकत गेला आणि थांबला. डोंग्यातली माणसं पाण्याकडे बघत होती. मी स्वतःच्या नकळत श्वास धरला होता. त्याच्यासोबतच धरला होता, आणि आता मलाही तो धरवेना, तरी खालून काही हालचाल नव्हती. मला सोडावा लागला. पुन्हा घेतला, पुन्हा धरला. दोर हातात सैल होता. ओढावं की नाही कळेना. माझ्या मनात आलं की आता खाली त्याला ठसका लागला असेल, आणि मी डोंग्याच्या कडेवर एक पाय ठेवला.

तेवढ्यात जाळ्याचे तरंगते लाकडी ठोकळे एकदम उसळले. पलीकडच्या डोंग्यातली माणसं मागच्या मागे पडली. जाळं सुटलं होतं. हातातल्या दोराला एक झटका बसला, मग दुसरा, आणि मी जीव खाऊन ओढू लागलो.

भाऊचं डोकं वर आलं. तोंड उघडं, डोळे लाल. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आम्ही सगळे त्याच्या खोकल्याची वाट बघत होतो. बिडी ओढणाऱ्या सगळ्यांना तो खोकला ओळखीचा होता. भाऊने एक श्वास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. खोकला आला नाही.

"मोठी मरळ हाय आत," तो म्हणाला. "वढा."

पाळीवरून जो आवाज उठला तो मी अजून विसरलेलो नाही. भाऊ डोंग्यात चढला नाही. तो किनाऱ्याकडे पोहत निघाला, म्हणून मीही सदऱ्यासकट उडी टाकली आणि त्याच्याबरोबर पोहत गेलो. पाळीवर त्याची बायको कोरडं लुगडं घेऊन उभी होती. तिने ते त्याच्या खांद्यावर टाकलं आणि रागाने पुसू लागली.

"आता बिडी मागसान," ती म्हणाली, "तं हेच जाळं तुमच्यावर टाकीन."

फाल्गुनात डिप्टी साहेब पुन्हा आले. या खेपेला मी शाळा चार दिवस आधी सारवली नाही. नेहमी असते तशीच ठेवली. संध्याकाळी त्यांनी डबा पुढे केला.

"साहेब, मी सोडली."

"अहो, पावसाळ्यात तर घेतली होती."

"तेव्हाही सोडलेली होती. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही."

मी हे बोलून गेलो आणि मग माझे कान तापले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःची सिगारेट त्यांनी ओठांत धरली होती, ती काढली आणि डब्यावर आपटत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळी उठल्यावर खोकला येतो मला. पाव तास जातो." मग त्यांनी विचारलं, "कशी सोडली?" मी त्यांना सगळं सांगितलं. उकिरडा, भोपळे, मोहाच्या गोळ्या. गाडीवान बैल जुंपून तयार होता, तरी ते उठले नाहीत. सगळं ऐकेपर्यंत सिगारेट पेटवली गेली नव्हती. पुढे त्यांनी सोडली की नाही, ते मला कळलं नाही. पण मी नाही म्हणालो होतो, आणि घराकडे चालत जाताना मला आपण उंच झाल्यासारखं वाटत होतं.

पुढचा पाडवा आला. मी दिवस उगवायच्या वेळी पाळीवर गेलो तर तिथे अकरा माणसं उभी होती. ढिवर मोहल्ल्यातले पाच, बाकीचे धानवाले शेतकरी, त्यात पाटलाचा धाकटा भाऊसुद्धा. सगळ्यांच्या हातात बिड्यांचे कट्टे. जाळ्याच्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी बोलत होता, हे मला तेव्हा कळलं.

"मास्तर, सांगा यायले काही," भाऊ म्हणाला.

मी म्हणालो की आधी पोहून येतो. खरं म्हणजे मला बोलायला सुचत नव्हतं. मी पाण्यात उतरलो आणि निघालो. मोठा दगड मागे टाकला, खोल जागा मागे टाकली, जिथून रोज परतायचो ती जागाही मागे टाकली. मध्ये एकदा उताणा होऊन आभाळाकडे बघत पडून राहिलो. मग पुन्हा हात मारत गेलो, आणि माझ्या गुडघ्याला पलीकडच्या काठाचा चिखल लागला. उभा राहिलो. पाळीवरची माणसं तिकडून हात हलवत होती, बोटाएवढी दिसत होती. वर्षापूर्वी मी भोपळे बांधून किनाऱ्यावरच बुडत होतो.

पाळीवरून चालत परत आलो तोवर माझी बायको मुलीला घेऊन तिथे आली होती. भाऊ सगळ्यांना सांगत होता.

"मास्तरनं एकदा वढली. मी दोन झुरके वढले. लपवून नाई ठेवत. वर्षभरात एकदाही मोडलं नाई, असं एकच मानूस हाय इथी." त्याने हात जोडून माझ्या बायकोकडे मान वळवली. "ते बाई."

मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिनेच ते भाऊच्या बायकोला सांगितलं असणार. गावात बायका दाताला तंबाखू लावत, पण पुरुषांसमोर त्याचं नाव काढत नसत. अकरा माणसं तिच्याकडे बघत होती. मला वाटलं ती पदर ओढून निघून जाईल. तिने मुलीला कडेवरून खाली उतरवलं.

"तिसऱ्या दिवशी डोकं दुखन," ती म्हणाली. "लय दुखन. आठव्या दिवशी वाटन का घरचे सारे दुश्मन हायेत. त्या दिवशी कोनाशी बोलू नोका, कामाले लागा. घरच्या बाईले आजच सांगून ठेवा, का मी खेकसलो तं मनावर घेऊ नोको. अन् बाईनं बी सोडाचं असन, तं तिले काऊन म्हणून विचारू नोका. सोडू द्या."

पाटलाच्या भावाने विचारलं, "बाई, महिन्याभरानं तरी बरं वाटते का?"

"महिन्याभरानं भाजीची चव लागते," ती म्हणाली. "मले तं पहिल्यांदाच समजलं का माझ्या हातची भाजी खारट असते."

सगळे हसले. मी आठ वर्षं ती भाजी खात होतो आणि मलाही ते त्याच वर्षी कळलं होतं, पण मी बोललो नव्हतो. ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मला कळलं की हेही तिला माहीत आहे.

त्या अकरांपैकी सात जणांनी वर्ष पूर्ण केलं. त्याच्या पुढच्या पाडव्याला चार बायका आल्या आणि त्या पुरुषांच्या घोळक्यात न थांबता सरळ माझ्या बायकोकडे गेल्या.